उलट्या हाताची मोजणी

आमच्या पिकअपच्या डॅशबोर्डावर तापमानाचा काटा होता, पण तो कधीचा मेलेला होता आणि त्याचं घरात कुणाला सुतक नव्हतं. कारण बाबांचा हात होता. बाबा पवनारच्या एका प्लांटवरून थंड पाण्याचे कॅन वाहायचे, वर्ध्यात, पिपरी मेघेत, आणि लग्नसराईत पार हिंगणघाटाकडच्या गावांपर्यंत. उन्हाळ्यात दिवसाला चार-चार खेपा व्हायच्या. कुठेही थांबले की आधी इंजिन बंद करायचे, बोनेट वर करायचे आणि उजवा हात उलटा करून रेडिएटरच्या वरच्या पाइपवर ठेवायचे. मग गुडघ्यावर बसून, दाराखालून हात घालून गिअरबॉक्सवर. शेवटी चारही चाकांवर, एकेकाच्या मधोमध. प्रत्येक ठिकाणी हात ठेवून मोठ्यानं मोजायचे. पाइपवर तीनपर्यंत, गिअरबॉक्सवर पाचपर्यंत, चाकावर दहापर्यंत हात टिकला पाहिजे. त्याआधी काढावा लागला तर गाडी झाडाखाली घ्यायची, विडी नाही, गप्पा नाही, नुसतं बसायचं.

तळहात सोडून उलटा हात का, असं मी लहानपणी विचारलं होतं. तेव्हा ते म्हणाले होते की तळहाताची कातडी काम करून करून बहिरी होते, मागच्या बाजूला अजून ऐकू येते. घरातही तोच हात चालायचा. आम्हा भावंडांना ताप आला की आई कपाळाला हात लावून काही का म्हणेना, बाबा गाडी लावून येईपर्यंत तो ताप नक्की व्हायचा नाही. ते आले की डिझेलचा वास असलेला तो हात कपाळावर यायचा, आणि ते म्हणायचे, काई नाई, थोडी कणकण आहे, झोप. किंवा म्हणायचे, चल, दवाखान्यात. त्यांचं कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

आणि नशीब बघा, त्यांच्याच मुलीच्या हाती तापमानाची नोकरी आली. मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते. लसींचा फ्रीज माझ्याकडे आहे. दोन ते आठ डिग्रीच्या मध्ये पारा राहिला पाहिजे, सकाळी एकदा पाहायचा, संध्याकाळी एकदा पाहायचा आणि फ्रीजच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर लिहून सही करायची. रविवार असो, दिवाळी असो, वीज गेलेली असो. मी या बाबतीत कुणाचं ऐकून घेत नाही. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी बोलता बोलता फ्रीजचं दार उघडं धरून ठेवलं होतं, मी त्यांच्या हातातून दार ओढून बंद केलं. आमच्या डॉक्टरबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. माझं डोकं लवकर फिरतं हे मला मान्य आहे, पण त्या दिवशी मी बरोबर होते.

बाबा मला चिडवायचे. संध्याकाळी चहा पिता पिता विचारायचे, "काय वो माय, तुह्या फ्रीजले ताप आला का आज?" मी म्हणायची, माझा फ्रीज ठीक आहे, तुमची गाडीच एक दिवस रस्त्यात उभी राहून रडेल. या भांडणाला कारणही होतं. पिकअपमध्ये एक बझर होता, पाणी जास्त तापलं की वाजणारा. आमच्याकडच्या मे महिन्यात तो दिवसभर वाजायचा. एका मिस्त्रीनं मग त्याची वायरच कापून दिली, आणि इंजिन गरम झाल्याशिवाय पाणी पुढे सोडत नाही तो थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्हही काढून फेकला. आपल्या इकडे गाडी गरम करायले मशीन कशाले लागते, असं म्हणे तो मिस्त्री म्हणाला. इकडे अर्ध्या गाड्यांचं असंच केलेलं असतं आणि सगळ्यांना ते मोठं शहाणपण वाटतं. मी खूप तोंड वाजवलं. बाबा हसले, हात उलटा करून मला दाखवला आणि म्हणाले, याची वायर कोण कापणार?

बाबांना साखरेचा त्रास बारा-पंधरा वर्षांपासून. गोळ्या घ्यायचे, पण लग्नातला बुंदीचा लाडू समोर आला की गोळी घेतलीच आहे म्हणून तोही घ्यायचे. त्या हिवाळ्यात एक दिवस ते एकाच पायात चप्पल घालून घरी आले. दुसरी कुठे गेली ते त्यांना माहीतच नव्हतं. आई हसून हसून बेजार झाली, मीही हसले. माझी तीन वर्षांची मुलगी आजोबांच्या अनवाण्या पायाकडे बोट दाखवून टाळ्या वाजवत होती. पायातून चप्पल निसटते आणि माणसाला कळत नाही याचा अर्थ काय, हे आमच्या केंद्रातल्या भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलेलं आहे. त्या तक्त्याखाली खुर्ची टाकून मी रोज डबा खाते. पण आपल्या बापाचं असलं की माणूस तक्ता वाचत नाही.

एप्रिलमध्ये एका रविवारी वडनेरला लग्न होतं, आमच्या नात्यातलंच. पाण्याची ऑर्डर बाबांचीच, म्हणून मीही पिकअपमध्ये पुढे बसून निघाले. मागे कॅन खच्चून भरले होते. ऊन असं होतं की खिडकीतून हात बाहेर काढवत नव्हता. हिंगणघाट मागे टाकल्यावर मला एक वास यायला लागला, जळक्या तेलाचा, करपलेल्या भज्यासारखा. गिअर बदलताना बाबांना जोर लावावा लागत होता आणि पायाखालचा पत्रा चपलेतून भाजत होता. मी म्हटलं, बाबा, बाजूला घ्या. त्यांनी लगेच घेतली, वाद घातला नाही.

एका कडुलिंबाखाली गाडी उभी राहिली. बाबा गुडघ्यावर बसले, दाराखालून हात आत घातला आणि मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. थांबले नाहीत. आठ, नऊ, दहा. पंधरापर्यंत मोजून हात बाहेर काढला आणि म्हणाले, "गार आहे. काई नाई, पुढच्या गाडीचा वास असन."

पुढे गाडी नव्हती. रस्ता पार वळणापर्यंत रिकामा होता. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी खाली बसले आणि त्यांनी जिथे हात ठेवला होता तिथे माझा हात लावला. एक म्हणायच्या आत तो झटका बसून मागे आला. बोटं तोंडात घालून मी वर पाहिलं. बाबा रुमालानं कपाळ पुसत होते आणि त्यांच्या उलट्या हातावर, बोटांच्या मुळाशी, रुपयाएवढा लाल चट्टा उठला होता. त्यांचं त्याकडे लक्ष नव्हतं. मला चप्पल आठवली.

तिथेच बोलायला हवं होतं. बाबा, तुमच्या हाताला समजत नाही आता, एवढंच. पाच-सहा शब्द. साहेबाच्या हातून फ्रीजचं दार ओढून घेणारी मी, माझ्या तोंडून ते निघाले नाहीत. त्याऐवजी मी गाडीवर चिडले. म्हटलं, या भंगाराला काही कळत नाही, गिअरबॉक्स पेटला आहे, आता तासभर हलायचं नाही. आम्ही दोघं झाडाखाली बसलो आणि पाणी कुठे राहिलं म्हणून वऱ्हाडी मंडळींचे फोनवर फोन येत राहिले. लग्न लागलं तेव्हा आम्ही रस्त्यातच होतो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे गेलो. तो वायर कापणारा नव्हे, दुसरा, बाबांचा जुना ओळखीचा. त्यानं गिअरबॉक्सचा बाजूचा बोल्ट काढला. तेल तिथपर्यंत भरलेलं असलं तर भोकातून ओघळतं, असं त्यानं मला सांगितलं. काही ओघळलं नाही. त्यानं बोट आत घालून बाहेर काढलं तर नुसतं टोक काळं झालं होतं. मागचं सील फाटलं होतं आणि तेल कितीतरी दिवस थेंब थेंब गळत होतं. गिअरच्या दातांना काही झालं नाही हे नशीब, म्हणाला. मग त्यानं बाबांकडे पाहून अगदी साध्या मनानं विचारलं, "काका, तुमचा हात असून हे असं कसं झालं?"

बाबा टपरीवर चहा सांगायला गेले, आणि चहा येऊन थंड झाला तरी परत आले नाहीत. मी त्यांना शोधायला गेले तर ते एका बंद दुकानाच्या पायरीवर हात मांडीवर ठेवून बसले होते. मला पाहून उठले आणि ऊन फार आहे म्हणाले. मी हो म्हटलं. आम्ही दोघंही त्या उन्हाबद्दल बरंच बोललो.

मग मी जे केलं त्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. मी दोन डिजिटल मीटर आणले. लांब वायर, वायरीच्या टोकाला शेंगदाण्याएवढा सेन्सर. मिस्त्रीनं एक रेडिएटरच्या पाइपला बांधला आणि दुसरा गिअरबॉक्सच्या अंगाला क्लिपनं आवळला. दोन्हींचे आकडे स्टिअरिंगसमोर दिसायला लागले, वरचा पाण्याचा, खालचा गिअरबॉक्सचा. सेन्सर बाहेरून बांधलेला आहे, आत त्याहून पाच-सात डिग्री जास्तच असणार, एवढं धरून चाल, असं मिस्त्रीनं बजावलं. मी ते धरून हिशेब केला आणि फ्रीजच्या दारावर लावते तसा कागद डॅशबोर्डावर चिकटवला. पाणी नव्वदपर्यंत ठीक, पंच्याण्णवला वेग कमी करा, शंभरला बाजूला घ्या आणि रेडिएटरचं झाकण उघडू नका. गिअरबॉक्स नव्वदपर्यंत ठीक, शंभरला लक्ष ठेवा, एकशे दहाला थांबा. रेडिएटरमधलं बोअरचं पाणी काढून त्यात इंजिन थंड ठेवणारं कूलंट भरून घेतलं, थर्मोस्टॅट परत बसवला, सील बदललं, गिअर ऑइल भरलं. बझर तेवढा जोडू नको म्हणाले बाबा, तेवढं मी ऐकलं.

बाबांना मी सांगितलं की हे गाडीसाठी आहे. गाडी जुनी झाली, तिचा भरवसा नाही. ते म्हणाले, बरं झालं, लाव. इतक्या सहज म्हणाले की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. ज्या माणसानं वीस-पंचवीस वर्षं काट्याला विचारलं नाही, तो मीटरला बरं म्हणतो? पण मी खूश होते. काम झालं होतं आणि कुणाचं मन दुखावलं नव्हतं. डॉक्टरबाईंना मी एकदा सहज म्हणून सांगितलं होतं, तर त्या म्हणाल्या, वडिलांना घेऊन ये, हातापायांची तपासणी करू, पायाला कळत नसेल तर गाडी चालवणंही बघावं लागेल. मी हो हो म्हटलं. नंतर लग्नसराई आहे म्हणून राहिलं, मग मुलीला खोकला झाला म्हणून राहिलं. खरं सांगायचं तर मला ती तपासणी नकोच होती. तपासणी झाली की कागद होतो, आणि कागद झाला की किल्ली मागावी लागते. बाबांकडून ती किल्ली कोण मागणार? आई तर नाव काढलं असतं तरी रडली असती.

तो उन्हाळा मीटरवर गेला. बाबा रोज संध्याकाळी मला आकडे सांगायचे, आज पाणी अठ्ठ्याऐंशीवर गेलं, गिअरबॉक्स ब्याऐंशीवर. मी मान डोलवायची, जणू माझ्याच फ्रीजचे आकडे. कधी त्यांच्याबरोबर गेले तर पाहायची, ते अजूनही थांबले की हात लावायचे, अजूनही मोजायचे. पण आधी मीटरकडे पाहायचे. आकडा जास्त दिसला तर दोनला हात काढायचे, कमी दिसला तर पाचपर्यंत ठेवायचे. ते मला दिसत होतं. दिसत असून मी खिडकीतून दुसरीकडे बघायची.

जूनच्या शेवटी एका बुधवारी आमच्याकडे लसीकरण होतं. बायका, पोरं, रडारड, ओळ पार गेटपर्यंत. आई तिच्या बहिणीकडे गेली होती, नवरा नागपूरला अपडाऊन करतो, म्हणून मुलगी बाबांजवळ होती. त्या दिवशी त्यांनी खेप घेतली नव्हती. अकराच्या सुमाराला त्यांचा फोन आला. पोरगी खेळत नाही, डोळे मिटून पडली आहे, थर्मामीटर कुठे ठेवला, असं विचारत होते. माझ्या एका हातात लसीचा डबा होता, कानाजवळ कुणाचं तरी बाळ किंचाळत होतं. थर्मामीटर कपाटात वरच्या कप्प्यात, डब्याच्या मागे, त्यांना चष्म्याशिवाय आकडा दिसणार नाही, हे सगळं सांगत बसायला मला वेळ नव्हता.

मी म्हटलं, "राहू द्या थर्मामीटर. उलटा हात लावून पाहा ना, बाबा."

हे मी म्हटलं. मीच, जिनं वडनेरच्या रस्त्यावर त्यांचा हात पाहिला होता. मला विसर पडला होता असंही नाही. लहानपणापासूनची सवय तोंडातून निघाली, बस. पलीकडे फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "गार आहे, माय. झोपली आहे. तू तुहं काम कर."

माझ्या जिवात जीव आला. मी काम केलं. दुपारी फ्रीजचा पारा पाहिला, पाच डिग्री होता. एक वाजून गेल्यावर शेजारच्या काकूंचा फोन आला. पोरीला झटका आला होता. डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले, तोंडातून फेस आला. त्या दही द्यायला आल्या नसत्या तर बाबांना एकट्याला काय करावं ते सुचलं नसतं. काकूंनी अंगाला हात लावला तर निखारा. शेजारचे काका पिकअप चालवून पोरीला आणि बाबांना मोठ्या दवाखान्यात घेऊन जात होते.

काकांना गाडी चालवताना मी कधी पाहिलं नव्हतं. ते शाळेतून रिटायर झालेले मास्तर, स्कूटर सोडून त्यांना काही चालवायची हौस नाही. पण त्या वेळी माझ्या डोक्यात ते शिरलं नाही. मी डॉक्टरबाईंना काय सांगितलं, कुणाच्या मोटरसायकलवर बसले, काही आठवत नाही. रस्ताभर एकच वाक्य डोक्यात होतं, उलटा हात लावून पाहा ना, बाबा.

पोरगी वाचली. हे आधीच सांगते, कारण त्या वेळी मला कुणी आधी सांगितलं नाही आणि ते दोन तास मी कुणाच्याही वाट्याला येऊ देणार नाही. ताप एकशे चार होता. तापामुळे लहान मुलांना असा झटका येतो, बहुतेकदा पुढे काही राहत नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले. हे मी स्वतः शेकडो आयांना सांगितलं आहे. ऐकताना कसं वाटतं ते मला माहीत नव्हतं. संध्याकाळपर्यंत ती उठून पाणी मागायला लागली आणि सलाइनची पट्टी ओढायला लागली, तेव्हा मी बाहेर आले.

बाबा आवारातल्या एका बाकावर बसले होते. काका घरी निघाले होते, जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की तुझ्या बाबांनी किल्ली माझ्या हातात टाकली, म्हणाले, मी चालवली तर पोरगी पोहोचणार नाही. काकांना त्याचा अर्थ लागला नव्हता. घाबरले असतील, असं त्यांना वाटलं.

मी बाबांजवळ बसले. मला आरडाओरडा करायचा होता, आणि तो कुणावर करायचा ते मला ठरवता येत नव्हतं. ते समोर बघत होते. मग त्यांनी विचारलं, "तुले माहीत होतं ना?"

मी हो म्हटलं. वडनेरच्या दिवसापासून.

"मले दिवाळीपासून," ते म्हणाले. दिवाळीत पोरीला फुलझडी धरून देताना निखारा त्यांच्या हातावर पडला होता, तो तसाच जळत राहिला आणि त्यांना वासावरून कळलं. तेव्हापासून हाताचं नुसतं नाटक होतं. गाडी ते नाकानं आणि कानानं चालवत होते. पायाखालचा ब्रेक कुठपर्यंत गेला ते गाडीला बसणाऱ्या हिसक्यावरून ओळखत होते. वडनेरच्या रस्त्यावर नाकाला वास आला होता, पण मी शेजारी बसले होते म्हणून त्यांनी पंधरापर्यंत मोजलं. मीटर लावले तेव्हाही त्यांना सगळं समजलं होतं. त्यांना वाटलं, मी आता बोलेन, मग बोलेन.

मी विचारलं, मग आज गार आहे असं का सांगितलं? काहीच समजत नव्हतं तर तसं सांगायचं. माझा आवाज चढला होता, जाणारे-येणारे बघत होते.

ते म्हणाले, "मीटर लावल्यापासून मले कोणी हात लाव म्हटलं नाई. तू म्हटलं, तर मले वाटलं, लावून पाहू. येईल समजून." आणि ते रडायला लागले. मी माझ्या बापाला त्याआधी रडताना पाहिलेलं नव्हतं. मी त्यांच्यावर ओरडू शकले नाही, त्यांना जवळही घेऊ शकले नाही. बाकावर आमच्या दोघांच्या मध्ये माझी पर्स होती, ती तशीच राहिली.

त्यानंतर तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी डोळे बंद करायला लावून पायाला आणि हाताला नायलॉनचा दोरा टेकवला, कळलं तर हो म्हणा. खोलीत कितीतरी वेळ कुणी हो म्हणालं नाही. मी कोपऱ्यात उभी राहून भिंतीवरचा तो तक्ता पहिल्यांदा पूर्ण वाचला. गाडी आता चालवायची नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि बाबांनी मान हलवली. किल्ली काकांनी आणून दिलेलीच होती, ती खिळ्याला लटकत राहिली. आई रडली, पण किल्लीसाठी नाही.

दोन-तीन आठवड्यांनी पवनारचाच एक ड्रायव्हर मिळाला, पूर्वी शाळेची व्हॅन चालवायचा, सावध माणूस. पहिल्या दिवशी मी रजा काढून बाबांना घेऊन प्लांटवर गेले. नको म्हटलं तरी त्यांनी भरलेले कॅन दोन्ही हातांनी ओढून मागच्या फळीपर्यंत सरकवले. गाडी वर्ध्याला एक खेप करून आली, बाबा दुसऱ्या खेपेचे कॅन ओढत होते तेव्हा ड्रायव्हरनं मीटर पाहून सांगितलं, पाणी शहाऐंशी, गिअरबॉक्स पंचाहत्तर, सगळं ठीक आहे. बाबा म्हणाले, मागचं डावं चाक पाहिलं का? चाकाला मीटर नव्हतं. ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं.

बाबा मला म्हणाले, तू पाहा. मी बसले आणि उलटा हात चाकाच्या मधोमध लावला. बाबा माझ्या मागे वाकून मोजायला लागले. एक, दोन, तीन. चारला मी हात काढला. "चार," मी म्हटलं, "चारच्या पुढे नाही टिकला." त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, ब्रेकचा लायनर घासतो आहे, आज मिस्त्रीकडे ने, भरलेली गाडी नेऊ नको. ड्रायव्हर जरा नाराज होऊन जॅक काढायला गेला.

मी खालीच बसले होते. बाबांनी त्यांचा उजवा हात पुढे केला, उलटा, आणि माझ्या कपाळाला लावला, लहानपणी लावायचे तसा. त्यांना त्यातून काही कळणार नव्हतं. मला कळत होतं. त्यांनी विचारलं, "माहा हात कसा लागते तुले?"

खोटं माझ्या तोंडाशी आलं होतं. चांगला लागतो, गरम लागतो, पहिल्यासारखा.

"थंडगार आहे, बाबा," मी म्हटलं. "कॅनच्या पाण्यानं भिजला आहे. पुसून घ्या."

त्यांनी हात धोतराला पुसला, मग निरखून पाहिला, एका बाजूनं आणि दुसऱ्या बाजूनं. मला उठायला तोच हात दिला आणि म्हणाले, "असंच सांगत जाजो, माय."